लहानीबाईची खानावळ

नाशकात चांगलं जेवायला कुठे मिळतं, हे लोक मला विचारतात. ऑफिसात बदलून आलेला नवा माणूस असो की आमच्या सोसायटीत राहायला आलेलं जोडपं, कोणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवतं. गेल्या काही वर्षांत हे शहर फार वाढलं. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षबागांच्या मधोमध वायनऱ्या झाल्या, त्यांच्या शेजारी हॉटेलं झाली, आणि रविवारी दुपारी तिकडे गाड्यांची रांग लागते. कुठला रस्सा खरा आणि कुठला नुसता लाल, कुठे भाकरी तव्यावरून थेट पानात येते, हे मी सांगतो. लोक जाऊन येतात आणि आभार मानतात.

मागच्या पावसाळ्यात मेव्हण्याने आम्हाला असंच एका बागेतल्या हॉटेलात नेलं. कार्डावर 'रानभाजी थाळी' होती. थाळीतल्या छोट्या पितळी वाटीत गवतासारख्या लांब पातीची, लसणाच्या फोडणीची हिरवी भाजी होती. वाढणाऱ्याने नाव सांगायच्या आधीच मी ती ओळखली. कोळीची भाजी. मी वाटी बाजूला सरकवली. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, पोट बरं नाही. पोट ठणठणीत होतं.

त्या भाजीविषयी आणि लहानीबाईविषयी मी आजवर घरातही बोललो नाही.

चौऱ्याण्णव साली माझी बदली जव्हारला झाली तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. बायको आणि वर्षाची मुलगी निफाडला, मी एका खोलीत एकटा. वावर-वांगणीला कुपोषणाने मुलं दगावली होती त्याला दीड-दोन वर्षं झाली होती. सगळ्या खात्यांची माणसं जव्हारला येऊन पडली होती. जीपा, फायली, पाहणी पथकं. गाव पठारावरचं, जुनं, शांत. एवढ्या माणसांना जेवू घालायची त्याला सवय नव्हती. एसटी स्टँडजवळ दोन हॉटेलं होती, त्यांच्या कढईतलं तेल कधी बदलत असेल असं वाटत नसे. पंधरा दिवसांत माझं पोट बिघडलं. आमचा शिपाई नामदेव जव्हारचाच. तो म्हणाला, "साहेब, असे मराल. चला, जेवायला नेतो. पण तिथं साहेब-बिहेब चालत नाही हां."

बाजाराच्या मागे उतारावर दोन खोल्या, वर पत्रा. पाटी नव्हती. आतल्या खोलीत चूल, बाहेरच्या खोलीत एका वेळी आठ माणसं बसतील एवढी शेणाने सारवलेली जमीन. दारात एक सडपातळ, काळीसावळी बाई उभी होती. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, कपाळावर गोंदण. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कठं गेलतास आज?"

मला कळेना. नामदेव हसू दाबत होता. मी म्हटलं, "कुठे नाही. ऑफिसात होतो."

"बसून व्हतास?"

"हो."

"मंग एक भाकर पुरं. बस."

नामदेव म्हणाला, "उद्या यायच्या आधी बाजाराला दोन चकरा मारा साहेब. दुसरी मिळेल."

त्या एका भाकरीबरोबर उडदाची घट्ट आमटी होती, खुरासणीची चटणी होती, आणि भाजलेल्या सुक्या बोंबलाचा तुकडा. पंधरा दिवसांत प्रथमच मी जेवलो असं मला वाटलं. दुसरी भाकरी मागायचा धीर झाला नाही.

लहानीबाईचा हा नियमच होता. काय खाणार, हे ती विचारत नसे. चुलीवर असेल ते पानात येई. पण किती द्यायचं ते माणूस किती चाललाय यावर ठरे. पाड्यांवर फिरून आलेल्या ग्रामसेवकाला तीन भाकरी, खुर्चीतल्या कारकुनाला एक. कोणी खोटं बोललं तर ती त्याच्या चपलांकडे बघायची. एकदा आमच्या कॅशियरने मोखाड्याला जाऊन आल्याचं सांगितलं. तिने त्याच्या चपला पाहिल्या आणि म्हणाली, "उडत गेलतास?" तो आठवडाभर आला नाही. मग आला, मुकाट्याने एक भाकरी खाऊन गेला.

आणि ती सगळ्यांना 'तू' म्हणायची. तिच्या वारली बोलीत 'तुम्ही' लागतच नसे. मला भाऊसाहेबही म्हणायची आणि तूही म्हणायची. आमचे मोठे साहेब पहिल्यांदा आले तेव्हा मी घाबरलो होतो. साहेब तसे सज्जन, पण आयुष्यभर 'आपण' ऐकलेले. ते थेट पानावर बसले. लहानीबाई म्हणाली, "तू हात नाय धुतलंस." बाहेरच्या खोलीत बाकी सगळ्यांचे घास थांबले. साहेब उठले, बाहेर जाऊन रांजणातलं पाणी घेतलं आणि हात धुऊन आले. जेवून उठताना मला म्हणाले, "अहो, माझ्या आईनंतर मला असं कोणी बोललेलं नाही." तेव्हापासून ते आठवड्यातून एकदा तरी यायचे.

ती साखरशेतच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. लग्नानंतर नवऱ्याबरोबर टोळीतून नाशिकच्या बाजूला द्राक्षबागांत छाटणीला जायची. तिथे वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक तिच्याकडे आला. पुढे नवऱ्याने तिकडेच दुसरं घर केलं. त्याचा राग तिच्या बोलण्यात कधी ऐकला नाही. "त्याला तठली हवा मानवली," एवढंच म्हणायची. ती परत आली आणि जव्हारला या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पाड्यावर लग्नकार्य असलं की मात्र खानावळ बंद. तिथला मोठा स्वयंपाक तिच्याच हाताचा. भाताचं भलंमोठं पातेलं ती एकटी उतरवायची असं नामदेव सांगायचा.

कोणालाही वाढण्याआधी ती पानाच्या तुकड्यावर चिमूटभर भात, बोटभर भाजी घेऊन चुलीच्या मागे ठेवायची. घाईत असलेला कोणी कुरकुरला तर म्हणायची, "ज्याचं त्याला आधी. मंग तुला."

एकदा मी वावरच्या बाजूने आलो. जीप गेली तिथवर जीपने आणि पुढे पायी. मुलांच्या वजनांचे तक्ते भरायचे होते. दोन दिवस ते करून मी संध्याकाळी थेट खानावळीत आलो. तिने न विचारता तीन भाकऱ्या वाढल्या. मला एकही जाईना.

"का रं?"

"पोरं बघून आलो," मी म्हटलं. "वजनं लिहून आणली."

"वजनं लिवलीस." तिने तव्यावरची भाकरी उलटली. "आन काय खाल्लं त्यांनी, ते लिवलंस?"

"तसा रकाना नसतो तक्त्यात."

"मंग ते लिवाया कोन जानार?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच वाटलं होतं की त्यासाठी दुसरं कोणीतरी येत असेल. त्यानंतर मी प्रत्येक तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला, काल घरात काय शिजलं, ते विचारून लिहू लागलो. नाचणीची आंबील. कंद. काही नाही. ते कोणी वाचलं की नाही, ठाऊक नाही. पण मी तिला येऊन सांगायचो आणि ती ऐकायची. पाड्यांवर मी जास्त फिरू लागलो तो तिच्यामुळे. माझ्या चपला झिजल्या. नामदेव म्हणायचा, "साहेब आता दोन भाकरीवाले झाले."

ती सात वर्षं मी तिच्याकडे जेवलो. शेवळाची भाजी कशी खाजते आणि ती खाज कशी मारायची, बांबूचे कोवळे कोंब किती पाण्यातून काढायचे, वरईचा भात कोणत्या वासाला उतरवायचा, हे सगळं मी तिथे पाहिलं. माझी जीभ तिने घडवली. आज लोक मला जे विचारतात ते माझं नाही.

दोन हजार एक सालचा जून. माझी मुलगी आठ वर्षांची झाली होती आणि मी सुट्टीत घरी गेलो की माझ्याशी पाहुण्यासारखं बोलत होती. मी नाशिकला बदली मागितली होती. अर्ज मोठ्या साहेबांच्या टेबलावर होता. शिफारस त्यांनी करायची होती.

एका बुधवारी साहेबांनी बोलावलं. त्यांच्या ओळखीचे नाशिकचे एक बागायतदार आपल्या बागेत हॉटेल काढणार होते. ते, त्यांची बायको आणि आणखी दोघं रविवारी जव्हारला येणार होते. रानातलं जेवण कसं असतं ते त्यांना बघायचं होतं. "लहानीबाईला सांगा," साहेब म्हणाले. "आणि ती कोळीची भाजी मात्र हवी. त्यांनी कुठेतरी वाचलंय तिच्याविषयी." मग फाईल बंद करताना म्हणाले, "तुमचा अर्ज बघतो मी सोमवारी."

या दोन गोष्टी त्यांनी जोडल्या नव्हत्या. त्या मी जोडल्या.

लहानीबाईने ऐकून घेतलं. खेकडे करीन म्हणाली, चटण्या करीन म्हणाली. "कोळी नाय."

"रानात आलीय की. मी पाहिली."

"आली हाय. देवाला नाय दिली अजून." मग मला समजावून सांगितलं. कोळी ही पावसाळ्यातली पहिली भाजी. पाड्याचा भगत गावदेवाला ती देतो, त्या दिवसापर्यंत पाड्यातलं कोणी ती तोडत नाही, शिजवत नाही, खात नाही. पाड्यातला माणूस कुठेही असला तरी हे त्याला लागू. कोणी खाल्लीच, तर वर्षभर पाड्यावर जे काही वाईट होईल त्याचा बोल त्याच्यावर.

गुरुवार, शुक्रवार मी याच विचारात होतो. शनिवारी साखरशेतला काम होतं. तिच्या पाड्याकडे जाणारी वाट फुटते तिथवर मी गेलो, आणि तिथून परत फिरलो. संध्याकाळी खानावळीत आलो. तिने चपला पाहिल्या. चिखलाने भरल्या होत्या.

मी म्हटलं, "तुमच्या पाड्यावर जाऊन आलो. भगत भेटला. काल देवाला दिली म्हणाला."

"काल?" तिचा चेहरा उजळला. "या वरसाला लौकर दिली. बरं झालं. माझा जीव बी व्हता तिच्यात."

एवढ्यावर तिने विश्वास ठेवला. चिखल खरा होता आणि मी सात वर्षांत तिच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो.

रविवारी तिने स्वतः जाऊन भाजी आणली. पाहुणे आले, सारवलेल्या जमिनीवर गुडघे दुखतात म्हणून त्यांना पोती घालून दिली. बागायतदारांनी फोटो काढले. त्यांच्या बायकोने भाजीची कृती विचारली, वहीत लिहून घेतली. भाजी त्यांनी चाखली आणि अर्धी पानात टाकली. ते गेल्यावर लहानीबाईने कढईतली उरलेली भाजी भाकरीवर घेतली आणि चुलीजवळ बसून शेवटच्या पातीपर्यंत खाल्ली. मला म्हणाली, "ये, तू बी खा." मीही खाल्ली. चव उत्तम होती. हे लिहिताना लाज वाटते, पण ती आठवते.

साहेबांनी सोमवारी शिफारस केली.

गुरुवारी दुपारी मी जेवत होतो. लहानीबाईचा भाऊ काळू दारात आला. हातात नारळाची पिशवी आणि पाय बांधलेला कोंबडा.

"रविवारी कोळी देवाला द्यायची हाय," तो म्हणाला. "तू शनवारीच ये. तुला सांगाया आलो."

लहानीबाई पाट्यावर चटणी वाटत होती. तिचा हात थांबला नाही. "बरं," म्हणाली. "पानी पी."

तो पाणी पिऊन बाजारात गेला. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"भाऊसाहेब, तू पाड्यावर गेलतास?"

"नाही."

"भगताला भेटलास?"

"नाही."

तिने पाटा धुतला. पाणी दाराबाहेर टाकलं. मग परत येऊन म्हणाली, "मी खाल्ली."

मला तिने बोल लावला नाही. मी म्हटलं, "माझी चूक आहे. मी येऊ का तुमच्याबरोबर? सांगतो त्यांना." हे मी अशा आवाजात विचारलं की तिने नाही म्हणावं. तिला ते कळलं असणार.

"नको," ती म्हणाली. "तुझं नाव घेतलं तं तठं तुला कोन पानी नाय देनार. पोरांची वजनं कोन लिवंल मंग? तू लिवतो तं ते काय खातात ते बी लिवतो."

मी मान खाली घालून उरलेली भाकरी संपवली.

ती शनिवारी गेली. भगतासमोर उभी राहून तिने सांगितलं, "मी कोळी खाल्ली." कशी, कोणाच्या सांगण्यावरून, हे सांगितलं नाही. हे मला नंतर नामदेवकडून कळलं. त्याला काळूने सांगितलं होतं. पाड्याने ठरवलं, पुढच्या वर्षी देवाला कोळी देईपर्यंत तिच्या हातचं पाड्यावर कोणी खायचं नाही. नामदेव म्हणाला, "साहेब, तिनं उगीच सांगितलं. कुणाला कळलं असतं?"

चार दिवसांनी ती परतली ती भांडी बांधायला. मी गेलो तेव्हा चूल थंड होती. मी म्हटलं, पाड्यावरचं पाड्यावर, इथे जव्हारला कोण विचारतंय? तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लहान मूल आहे.

"तठं माझ्या हातचं चालत नाय. तं इठं कसं चालंल? तुमी काय मानसं नाय?"

वर्षाने परत येईन म्हणाली. घरमालकाने वर्षभर थांबायचं कबूल केलं. पण गाव वाढत होतं. धबधबे बघायला शनिवार-रविवारच्या गाड्या येऊ लागल्या होत्या. दिवाळीनंतर त्या दोन खोल्यांत चायनीजवाला आला. सारवलेल्या जमिनीवर फरशी बसली, लाल कंदील लागले. आठ माणसं बसायची तिथे चार टेबलं मांडली.

मी स्टँडवर जेवू लागलो. आता तिथलं तेल बरं झालं होतं. खानावळीतले जुने आम्ही कधी एकत्र भेटलो तर तिच्याविषयी बोलायचो. कोणी म्हणायचं, ती आजारी असेल. कोणी म्हणायचं, नवरा न्यायला आला असेल. कॅशियर म्हणाला, "मी आता रोज संध्याकाळी चालायला जातो, आणि बाई नाही." सगळे हसले. नामदेवला अर्धंच माहीत होतं. पूर्ण कारण माहीत असलेला मी एकटा होतो, आणि मीही हसलो.

मे महिन्यात बदलीचा हुकूम आला. जूनअखेर मला सोडणार होते. नामदेवने बातमी आणली की रविवारी त्या पाड्यावर कोळी देवाला देणार आहेत. मी ठरवलं, आता जायचं आणि भगतासमोर सगळं सांगायचं. बदली झाली होती. आता पाण्यावाचून माझं काही अडणार नव्हतं. हेही मी तेव्हा मोजलं होतं.

साखरशेतहून चालत गेलो. वर्षापूर्वी जिथून फिरलो होतो तो फाटा ओलांडताना पाय जड झाले, असं म्हणायला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. दहा-पंधरा मिनिटांची चढण होती. एवढीच होती.

गावदेवाच्या झाडाखाली माणसं जमली होती. भगत म्हातारा, एका डोळ्याने अधू. त्याने दगडापुढे हिरव्या पातीची जुडी ठेवली, तांदळाचे दाणे टाकले, पुटपुटत राहिला. कोंबडा कापला. मग मोठ्या पातेल्याखाली जाळ केला. लहानीबाई बायकांमध्ये मागच्या बाजूला बसली होती. केस जास्त पांढरे झाले होते. तिने मला पाहिलं, आणि मान किंचित हलवली. ती 'ये' होती की 'बोलू नको' होती, मी अजून ठरवू शकलो नाही.

भगताने मला पाहून विचारलं, "पाव्हना कोन?"

मी तोंड उघडलं. शब्द तयार होते, वाटेत दहा वेळा म्हटले होते. त्याआधी ती मागून बोलली.

"माझ्याकडं जेवाया यायचा."

भगत म्हणाला, "मंग आज बी जेवंल." आणि तो पातेल्याकडे वळला. आता बोलायला हवं होतं. कोणी मला अडवलं नव्हतं. मी उभा राहिलो.

भाजी शिजली. भगताने पहिला घास देवाला दिला, दुसरा स्वतः घेतला, आणि तिसरा, सगळ्यांसमोर, लहानीबाईच्या हातावर ठेवला. तिने तो खाल्ला. एक म्हातारी काहीतरी म्हणाली, बायका हसल्या, आणि कोणीतरी पळी तिच्या हातात दिली. एक वर्ष संपलं होतं. तिने पदर खोचला आणि पातेल्यापाशी गेली.

पंगत बसली. पळसाची पानं मांडली गेली. शेवटच्या म्हातारीच्या पलीकडे एक पान मोकळं होतं. ते माझं, हे मला कळलं. मला 'बस' म्हणायचीही गरज नव्हती. मी चपला पायात सरकवल्या आणि वाटेला लागलो.

उतारावरून एकदा मागे पाहिलं. ती वाढत वाढत पंगतीच्या टोकाला आली होती आणि त्या मोकळ्या पानापाशी पळी घेऊन उभी होती. तिने वर पाहिलं नाही. थोडा वेळ थांबली. मग वाकून ते पान उचललं, म्हातारीच्या फाटक्या पानाखाली नीट सरकवलं, आणि त्या दोन पानांवर तिला भाजी वाढली.